घोडा शर्यतीत मोडतो, पण तडा आधीच गेलेला असतो

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन दोन वर्षं कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस केलीत. आता येत्या मोसमात मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर घोड्यांच्या शर्यतींच्या दिवशी सुरक्षा आणि प्राणीकल्याण बघणाऱ्या पथकात काम मिळतंय. चाबूक किती वेळा पडला ते मोजायचं आणि पाणी-सावली बघायची, एवढंच काम असेल असं वाटलं होतं. जबाबदारीचा कागद वाचला आणि धास्ती बसली. नक्की काय बघायचं, आणि ज्यांचे लाखो रुपये घोड्यात अडकलेत त्यांना "हा आज धावणार नाही" असं सांगायचं कसं?

तुम्ही केलेली यादी शर्यतीच्या दिवशी सकाळी सुरू होते. अडचण तिथेच आहे. पाय मोडतो तेव्हा सगळे "अपघात" म्हणतात, पण मेलेल्या घोड्यांचे पाय शवविच्छेदनात उघडले की बहुतेकदा मोडलेल्या जागी जुनी झीज, बारीक तडा किंवा अर्धवट भरून आलेलं हाड सापडतं. म्हणजे घोडा काही दिवस, काही वेळा काही आठवडे, सांगत होता आणि कुणी ऐकलं नाही. तुमचं मुख्य काम हे ऐकण्याचं. बाकीचं, म्हणजे अँब्युलन्स, बर्फ, जखमी घोड्याला आडोसा करायचे पडदे, कठडे, हे ऐकूनही जे निसटेल त्याच्यासाठी.

आधी एक मान्य करते. यातलं बरंच तुमच्या हुद्द्यावर ठरेल. तुम्ही शर्यती भरवणाऱ्या क्लबचे नियामक पशुवैद्य असाल तर घोडा तपासायचा आणि मागे घ्यायची शिफारस करायचा अधिकार तुमच्याकडे असेल. निरीक्षक म्हणून असाल तर हात न लावता बघावं लागेल आणि मत स्टुअर्डांपर्यंत, म्हणजे शर्यतीचे निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांपर्यंत, पोचवावं लागेल. नेमणुकीचं पत्र हातात घ्या, त्यात हे लिहिलंय का ते बघा, आणि नसेल तर मोसम सुरू व्हायच्या आत लिहून घ्या. तोंडी अधिकार पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारात, टिकत नाही.

आता हाडाचं गणित, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप सुचतं. साडेचारशे-पाचशे किलोचा थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा घोडा) ताशी ६० किलोमीटरच्या आसपास धावतो तेव्हा पुढच्या एका पायावर क्षणभर त्याच्या वजनाच्या जवळजवळ अडीचपट भार येतो, म्हणजे टनाहून जास्त. सेकंदाला दोनापेक्षा थोड्या जास्त ढांगा. एवढा भार सोसायला हाड स्वतःला बदलत असतं, पण बदलताना ते आधी पोखरतं आणि मग भरतं. पोखरायला काही आठवडे लागतात, भरायला काही महिने. म्हणून धोका फक्त फार पळवलेल्या घोड्याला नसतो. दोन-तीन महिने उभा राहून परत कामाला लागलेला आणि घाईने वेग वाढवलेला घोडाही तेवढाच नाजूक असतो, कारण त्याचं हाड नेमकं पोखरलेल्या अवस्थेत असतं. जास्त धोक्याच्या जागा ठरलेल्या आहेत: पुढच्या पायाच्या नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब, हाडाचं खालचं टोक, फेटलॉकच्या, म्हणजे खुराच्या वरच्या गोल सांध्याच्या, मागची दोन छोटी सेसमॉइड हाडं, आणि गुडघा.

त्यामुळे शर्यतीला उतरणाऱ्या प्रत्येक घोड्याची साठ दिवसांची एका पानाची नोंद हातात असल्याशिवाय मी त्याच्याकडे बघत नाही. त्यात एवढंच लागतं: शेवटच्या शर्यतीची तारीख, मधे किती दिवस उभा होता, वेगातली कामं, म्हणजे सरावातल्या वेगवान धावा, कधी आणि किती मीटरची, सांध्यात इंजेक्शन दिलं का, कधी आणि कुठल्या, नाल कधी बदलली, आणि आधीच्या तपासणीत काय दिसलं. सांध्यात स्टेरॉइड दिल्यापासून किमान १४ दिवस शर्यत नाही, हे आंतरराष्ट्रीय पातळीवर धरलेलं अंतर आहे. तुमच्या क्लबचा नियम वाचून घ्या, पण १५व्या दिवशी आलेला घोडाही माझ्या वहीत लाल खुणेचाच असतो. सांध्यात इंजेक्शन का द्यावं लागलं, हा प्रश्न चौदा दिवसांनी मिटत नाही.

हाताने तपासणी. पुस्तकातून न येणारा भाग हाच, म्हणून जरा सविस्तर.

शर्यतीच्या दिवशी सकाळी पागेत जा, घोड्याला धुवायच्या आधी. पायांवर पट्ट्या असतील तर साईसला, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या माणसाला, सोडायला सांगा आणि दहा मिनिटं थांबा. पट्टी सोडल्या सोडल्या पाय गरमच लागतो, त्यावरून काही कळत नाही. उलट, तुम्ही येणार म्हणून पायावर गार पाण्याची नळी धरली असेल किंवा बर्फाचे बूट घातले असतील तर खरी उष्णता लपते. केस ओले दिसले की मी दुसऱ्या घोड्याकडे जाते आणि अर्ध्या तासाने परत येते. कुणावर आरोप करायची गरज नसते, पाय सुकला की तोच सांगतो.

घोड्याच्या डाव्या खांद्याशी, तोंड त्याच्या शेपटीकडे करून उभे राहा. आधी पाय जमिनीवर असताना तळहात उलटा करून, हाताची मागची बाजू गुडघ्यापासून खाली न्या. मागच्या बाजूच्या कातडीला उष्णता जास्त चटकन कळते. फेटलॉकच्या समोर थांबा. सांधा भरलेला आहे का, बोटांमधून पाणी सरकल्यासारखं वाटतं का? लगेच तेच उजव्या पायावर. एकट्या पायाला काही अर्थ नाही, फरकाला अर्थ आहे. मग पाय उचला, गुडघा दुमडा आणि नळीच्या मागच्या कंडरा अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून वरून खाली इंच-इंच सरका. कंडरा नीट असेल तर तिची कड दोरीसारखी स्पष्ट लागते. मधेच ती गोलसर, मऊ किंवा पिठाळ लागली आणि त्याच जागी घोड्याने पाय ओढून घेतला, तर तिथेच थांबा. त्यानंतर सेसमॉइडवर दोन्ही बाजूंनी अंगठे दाबा. शेवटी फेटलॉक साधारण ३० सेकंद दुमडून धरा आणि लगेच दुडकी चालवा.

दुडकी कडक, सपाट जागेवर, दोरी सैल सोडून. साईस दोरी आखूड धरून डोकं आवळत असेल तर तो घोडा चांगला दाखवतोय असं समजा, आणि प्रेमाने पण ठामपणे दोरी सोडायला सांगा. पुढचा एक पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. नवे डॉक्टर इथे एक चूक हमखास करतात: डोकं हललं नाही म्हणजे लंगडत नाही, असं धरून चालतात. दोन्ही पुढचे पाय दुखत असतील तर डोकं हलतच नाही. घोडा फक्त आखूड, खडखडीत पावलं टाकतो, जणू तापलेल्या फरशीवर चालतोय. शर्यतीच्या घोड्यात हे फार सापडतं, कारण झीज बहुधा दोन्ही बाजूंना सोबतच होते. म्हणून आजचा घोडा मी नेहमी त्याच्याच मागच्या नोंदीशी ताडून बघते. "मागच्या वेळेपेक्षा पाऊल आखूड" एवढी ओळ पुरेशी आहे. त्या घोड्याला दुसऱ्या डॉक्टरांनी बघितल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं नाही.

नाल बघायची ती पाय उचलूनच. खिळ्यांची वळवलेली टोकं उठलेली आहेत का, नाल सरकली आहे का, पुढच्या नालेला टोकाशी उंच कड आहे का. ही कड जमिनीत रुतते आणि खूर थांबतो, पाय मात्र पुढे जात राहतो. सगळा ताण फेटलॉकवर. नाल आदल्या दिवशीच मारलेली असेल आणि घोडा एका पायाने जपून चालत असेल, तर खिळा खुराच्या कच्च्या भागाजवळ गेला असण्याची शक्यता आधी तपासा. नालबंदाला बोलवा, त्याला शंका बोलून दाखवा. चांगला नालबंद चिमटा लावून दोन मिनिटांत जागा सांगतो.

आता ट्रॅक. महालक्ष्मीचा ट्रॅक १८८३चा, दलदलीच्या सपाटीवर भर घालून केलेला. मुंबईचा मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे सगळा कोरडा हंगाम. गवताखालची माती आठवड्यागणिक कडक होत जाते आणि तिला ओलावा आपणच द्यायचा असतो. इथे पेनेट्रोमीटर वापरतात. एक किलोचं वजन एक मीटरवरून एका चौरस सेंटिमीटरच्या सळईवर तीन वेळा सोडायचं आणि सळई किती सेंटिमीटर आत गेली ते मोजायचं. आकडा लहान म्हणजे जमीन कडक. बोर्डावर सरासरी लिहितात, पण घोडा सरासरीवर धावत नाही. मला वेगवेगळ्या जागचे आकडे लागतात: आतली कड, मधली पट्टी, बाहेरची कड, वळणाचा आरंभ, वळणाचा शेवट, शेवटचा सरळ भाग. सगळीकडे थोडं कडक असेल तर ट्रेनर तसं नियोजन करू शकतात. एका वळणावर अचानक मऊ पट्टा आला तर मात्र पूर्ण वेगातला घोडा पाय टाकतो एका अंदाजाने आणि पाऊल पडतं दुसऱ्याच जमिनीवर. अशी जागा बहुतेक कुठे सापडते? पाण्याच्या तोंडाजवळ, ट्रॅक ओलांडायच्या वाटेवर, आणि मागच्या आठवड्यात उखडलेल्या गवताचे खड्डे नीट न भरलेल्या भागात.

त्याहून वाईट म्हणजे अवकाळी पाऊस. जानेवारी-फेब्रुवारीत अर्धा तास सर आली की वरचा थर निसरडा होतो आणि खालची जमीन कडकच राहते. पेनेट्रोमीटरचा आकडा फारसा बदलत नाही, पण घोडा घसरतो. अशा दिवशी आकड्यावर विसंबू नका. पायी फिरा. बुटाची टाच वळणाच्या दिशेने आडवी दाबून ओढा. वरचा थर सालीसारखा सुटून आला तर स्टुअर्डांना आणि दोन अनुभवी जॉकींना तिथेच बोलवून दाखवा. जॉकींचं मत इथे फार मोलाचं असतं, कारण पडणार तेच असतात. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी इंडियन डर्बी असते, तेव्हा शर्यत रद्द करायला कुणीच तयार नसतं. म्हणून "कुठल्या परिस्थितीत थांबायचं" हे डर्बीच्या आधीच्या गुरुवारी लिहून, सह्या घेऊन ठेवा.

कठडे प्लास्टिकचे, धडक बसली की सुटणारे, आणि खांब ट्रॅकपासून दूर वळवलेले असावेत, म्हणजे कडेने धावणाऱ्याचा पाय खांबाला लागत नाही. सांधे आणि दरवाजे हाताने हलवून बघा. आणखी एक, खास मुंबईतलं: २०२४ मध्ये इथल्या जमिनीपैकी सुमारे १२० एकर महापालिकेच्या उद्यानासाठी द्यायचं ठरलं, आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ तर आधीपासूनच आहे. हे शहराच्या भल्याचंच आहे, पण कुंपणाच्या फटी, मोकाट कुत्री, पतंगाचा मांजा, कुणीतरी उडवलेला ड्रोन, या सगळ्याची पाहणी पहिल्या शर्यतीच्या एक तास आधी आणि प्रत्येक शर्यतीच्या दहा मिनिटं आधी व्हायलाच हवी. ट्रॅकवर पळत आलेलं एक कुत्रं एका वेळी चार घोडे पाडू शकतं.

उन्हाचं आणि दमटपणाचं कुणी पुरेसं गांभीर्याने घेत नाही, म्हणून त्यावर जरा जोर देते. मार्चमध्ये दुपारचं समुद्री वारं वेळेवर सुटलं तर मुंबई सुसह्य असते. पूर्वेचे वारे जोर धरून ते उशिरा आलं की पारा एकदम चार-पाच अंशांनी चढतो. म्हणून सकाळचा अंदाज बघून निश्चिंत होऊ नका. ट्रॅकवर स्वतःचा डब्ल्यूबीजीटी मीटर ठेवा. हा ऊन, वारा आणि दमटपणा एकत्र धरतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या मार्गदर्शनात या मीटरवर २८ अंशांपर्यंत फारशी काळजी नाही, त्यापुढे खबरदारी वाढवत न्यायची, आणि ३३ च्या वर स्पर्धा सुरक्षित धरत नाहीत. ते आकडे दुसऱ्या प्रकारच्या स्पर्धांसाठी बेतलेले आहेत, पण दिशा तीच. मी ३० ला पॅरेड आखूड करायला सांगते, सावलीतच खोगीर चढवायला सांगते आणि शर्यतीनंतरच्या पाण्याची माणसं दुप्पट करते. ३२ ला वेळ पुढे ढकलायची विनंती लेखी देते.

घोडा तासाला दहा-पंधरा लिटर घाम गाळू शकतो, पण मुंबईच्या दमट हवेत तो घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. अंग थंड होत नाही. म्हणूनच तुषारांचे पंखे इथे अपुरे पडतात. राजस्थानात ते चालतील, वरळी-हाजी अलीच्या हवेत नाहीत. इथे भरपूर गार पाणीच लागतं.

शर्यत संपल्यावर पहिली तीस मिनिटं डोळ्यांत तेल घालून बघायची. चिन्हं अशी दिसतात: घोडा चालता चालता थांबून मागचे पाय झाडतो, डोकं झटकतो, विनाकारण चिडतो, कान ऐकत नसल्यासारखे वागतात, मग मागचा भाग डुलायला लागतो. साईसला वाटतं, जिंकून मस्तीत आलाय. हा उष्माघात आहे आणि पुढची पायरी कोसळण्याची. यात थर्मामीटर घालायला जाऊ नका. एक तर लाथ बसेल. दुसरं म्हणजे शर्यतीनंतर लगेचचं गुदद्वाराचं तापमान खऱ्याच्या मागे असतं, आणखी काही मिनिटं चढतच राहतं. वागणूक बघून पाणी सुरू करा. पद्धत अशी: दोनशे लिटरच्या बर्फाच्या पाण्याच्या टाक्या खोगीर उतरवायच्या जागी आधीच भरलेल्या हव्यात, तीन माणसं बादल्यांनी एकामागून एक, न थांबता, मान, छाती, पाठ, मांड्यांच्या आतली बाजू, सगळ्या अंगावर ओतत राहतील. मधे पाणी निपटत बसू नका. ओतत राहणं हे ओतून-निपटण्यापेक्षा लवकर गार करतं. घोडा डुलत असेल तर भिंत आणि माणसं यांच्यामध्ये अडकू देऊ नका, मोकळ्या मऊ जागी न्या. श्वास सावरला आणि घोडा शांत झाल्यावर घेतलेलं तापमान ३९ च्या खाली आलं की थांबा. प्यायला पाणी द्या, थोडं थोडं, पण द्या. तापलेल्या घोड्याला पाणी दिलं की पोट धरतं, ही जुनी समजूत पागेत अजून घट्ट आहे. ती पटवून मोडा, वाद घालून नव्हे.

मुंबईत एक वेगळा त्रास: काही घोड्यांचा घाम हळूहळू बंदच होतो. हलक्या कामानंतर अंग कोरडं, नाकपुड्या फुगलेल्या आणि श्वास अर्धा तास उतरत नाही, असं दिसलं तर तो घोडा उन्हाळ्याच्या दुपारच्या शर्यतीला नाही. सकाळी गार वेळेत हलकं काम, आणि मालकाला पुण्याच्या मोसमाचा विचार करायला सांगायचं.

सुरुवातीच्या फाटकापाशी एक पशुवैद्य आणि एक नालबंद हवाच. घोडा फाटकात उलटला, आडवा पडला, फाटक फोडून पळाला, तर स्टार्टरने, म्हणजे शर्यत सोडणाऱ्या अधिकाऱ्याने, त्याला थेट परत आत घालू नये. हिरड्यांचा रंग, हृदयाचे ठोके, पाय चाचपून बघणं आणि दुडकी, एवढं करायला तीन-चार मिनिटं पुरतात. पळून अर्धी फेरी पूर्ण वेगाने मारलेला घोडा मागे घ्या, मग तो वरवर कितीही ताजा दिसो.

अपघात झाला तर. आतल्या ट्रॅकवर शर्यतीच्या मागे धावणारी घोड्यांची अँब्युलन्स, माणसांची अँब्युलन्स डॉक्टरसह, आणि पडदे घेतलेलं पथक. यांच्यापैकी एकही जागेवर नसेल, म्हणजे आधीच्या शर्यतीचा जॉकी घेऊन रुग्णालयात गेली असेल, तर दुसरी येईपर्यंत पुढची शर्यत सुटता कामा नये. हा नियम कागदावर सगळीकडे असतो, पण दिवस लांबला की घाई होते. तुम्ही तिथे "नाही" म्हणायला आहात.

उभ्या, थरथरणाऱ्या घोड्याकडे एक माणूस डोक्याशी, एक तुम्ही. वेदना आणि भीती कमी होईल एवढंच शामक द्या. पाय गळतील एवढं नको, नाहीतर तो मोडलेल्या पायावरच बसेल. हलवायच्या आधी आधार बांधा. फेटलॉकजवळ मोडलं असेल तर नळी आणि खुराची समोरची बाजू एका रेषेत येईल असा स्प्लिंट (पाय हलू न देणारा कडक आधार) लावा. किम्झीचा तयार स्प्लिंट अँब्युलन्समध्ये हवाच, आणि तो बांधायचा सराव मोसमाआधी सुदृढ घोड्यावर दहा वेळा करा. बेल्टची कडी अंधारात लावता आली पाहिजे. अँब्युलन्समध्ये पुढचा पाय दुखावला असेल तर घोड्याचं तोंड मागे करून उभा करा, म्हणजे ब्रेक लागला की भार मागच्या पायांवर जातो. मागचा पाय दुखावला असेल तर तोंड पुढे. एवढ्याशा गोष्टीने स्प्लिंट टिकतो किंवा सुटतो.

दया-मरणाचा निर्णय कुणालाच नको असतो, म्हणून त्याचेही निकष आधी लिहून ठेवायचे. हाड कातडीबाहेर आलंय, लांब हाडाचे तुकडे झालेत, पायाचा रक्तपुरवठा तुटलाय, तर उशीर म्हणजे यातना. दोन पशुवैद्यांनी बघावं, सही करावी. मालकाची संमती मोसमाच्या सुरुवातीलाच लेखी घ्यावी, म्हणजे ट्रॅकवर घोडा तडफडत असताना कुणाचा फोन लागत नाही म्हणून वाट बघावी लागत नाही. आणि प्रत्येक मृत्यूनंतर शवविच्छेदन, मोडलेला आणि चांगला, दोन्ही पायांचं. अहवाल त्या घोड्याच्या साठ दिवसांच्या नोंदीशेजारी ठेवून वाचा. कुठे दिसायला हवं होतं, हे तिथे कळतं.

आता तुमचा खरा घोर: "नाही" कसं म्हणायचं. तुम्ही घोडा मागे घेत नसता, घोडा मागे घ्यायची शिफारस स्टुअर्डांकडे करत असता, आणि ती ठरलेल्या नमुन्यावर एका ओळीत. "उजवा फेटलॉक, दुमडल्यानंतर लंगड, दोन पशुवैद्य." बस. रोगाचं नाव सांगू नका, भविष्य सांगू नका, "कदाचित" वापरू नका. आधी ट्रेनरला बाजूला नेऊन सांगा, मालकासमोर किंवा पॅरेडच्या कठड्यावर नाही. त्यांचाही मान असतो आणि पुढच्या आठवड्यात तेच तुम्हाला स्वतःहून शंका सांगायला येणार आहेत. ते म्हणतील, "डॉक्टर, हा असाच चालतो." उत्तर एकच: मागच्या तीन तपासण्यांची नोंद दाखवा. असाच चालत असेल तर नोंदीतही तसंच असेल.

मागे घेतलेला घोडा पशुवैद्यांच्या यादीत जातो. तिथून सुटायला लंगड नाही हे दाखवणं, गरज असेल तर क्ष-किरण, आणि वेगातलं एक काम पूर्ण करून दुसऱ्या दिवशी पुन्हा दुडकी, हे सगळं करून घ्या. दुसऱ्या दिवशीची दुडकी फार बोलते.

आणि बेटिंग. तुम्ही आणि तुमच्या घरचे, कुणीही एक रुपया लावायचा नाही. सकाळी कुठला घोडा लंगडला ही बातमी दुपारी पैशाची असते. म्हणून मागे घ्यायचा निर्णय झाला की लगेच जाहीर व्हायला हवा, आणि तोपर्यंत तुमचा फोन खिशात. ज्या घोड्यांवर तुम्ही खासगी उपचार करता त्यांची शर्यतीची तपासणी तुम्ही करू नका.

चाबकाबद्दल थोडक्यात: चाबूक गादीचाच, म्हणजे मारायची बाजू मऊ असलेला, हवा, आणि क्लबच्या नियमातली मर्यादा व्हिडिओ बघून मोजा, शर्यतीनंतर अंगावर वळ आहेत का ते घाम सुकल्यावर, आडव्या उजेडात बघा. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ शर्यतीच्या घोड्यालाही लागू आहे, हे सगळ्यांना माहीत असायला हवं.

औषधांच्या नमुन्यात घाई नको. आपल्याकडे शर्यतीच्या दिवशी घोडा औषधमुक्त असावा लागतो, आणि वेदनाशामक देऊन उतरवलेला घोडा स्वतःसाठी आणि जॉकीसाठीही धोक्याचा असतो. लघवीसाठी सुका पेंढा पसरलेली शांत खोली, साईसची हलकी शीळ आणि संयम. पुष्कळ घोडे शिळेवर लघवी करायला शिकवलेले असतात. तासाभरात झाली नाही तर रक्त. नमुना दोन बाटल्यांत, सील ट्रेनरच्या प्रतिनिधीसमोर, त्याची सही.

रोगांसाठी पागेत रोज दोनदा तापमानाची वही हवी, ३८.५ च्या वर गेलेला घोडा त्याच तासाला वेगळा. पुण्याहून घाट उतरून आलेल्या घोड्यांचं तीन दिवस खास बघा, प्रवासात डोकं वर बांधलेलं राहिलं की फुप्फुसात संसर्ग उतरतो. घोड्याची इन्फ्लुएंझा २००८-०९ मध्ये देशभर पसरली होती, हे विसरू नका. ग्लँडर्सचा, म्हणजे घोड्यांच्या एका जीवघेण्या संसर्गाचा, संशय आला तर तो सरकारला कळवायचा आजार आहे, माणसालाही होतो. हातमोजे, वेगळी बादली, आणि नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे. शहरातल्या वरातीच्या घोड्यांशी पागेच्या घोड्यांचा संपर्क अजिबात नको.

निवृत्त घोड्यांचं काम तुमच्या पत्रात नसेल, तरी एक करा. शर्यतीतून काढलेला प्रत्येक घोडा कुठे गेला, कोणाच्या नावावर गेला, हे मायक्रोचिपच्या नंबरासकट लिहून ठेवा. मुंबईत व्हिक्टोरिया, म्हणजे हौशी फेऱ्यांच्या घोडागाड्या, बंद करायला उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं, पण वराती आणि किनाऱ्यावरच्या फेऱ्या आहेतच. नोंद असली की विचारता येतं.

सुरुवात कशी करू, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. मोसमाआधी सलग तीन आठवडे पहाटे साडेपाचला पोहोचा, कामावरून परतणारे घोडे बघा आणि रोज वीस घोड्यांचे पुढचे पाय चाचपा. मत देऊ नका, फक्त लिहा. जवळ दोन थर्मामीटर ठेवा, दोन्हींना दोरी बांधलेली. एक स्टेथोस्कोप, एक टॉर्च, ओल्या हाताने लिहिता येईल अशी पेन्सिल आणि कडक पुठ्ठ्याची वही. एका पानावर एक घोडा, डावा पाय डावीकडे, उजवा उजवीकडे. नोव्हेंबरात पहिली शर्यत सुटेल तेव्हा त्या घोड्यांची तीन आठवड्यांची पानं तुमच्याकडे असतील, आणि ट्रेनरशी बोलताना ती पानंच उपयोगी पडतील.